बुऱ्हाणपूरचा पंडित आणि परिषदेचे निमंत्रण

संगीतपरिषद भरवावयाची म्हटली म्हणजे मांडवाच्या आधी निमंत्रणाचा प्रश्न उभा राहतो. व्याख्यान कोणी द्यावयाचे, गावयाचे कोणी आणि ऐकणाऱ्यांत पुढच्या रांगेत कोणाला बसवावयाचे, हे तीन निर्णय झाले की परिषदेचे निम्मे स्वरूप ठरून जाते. अलीकडे विद्यापीठांच्या आश्रयाने भरणाऱ्या परिषदांतून एक नवी रीत दिसू लागली आहे. विद्वानांकडून निबंध मागवावयाचे, आणि त्याबरोबरच गायकवादकांकडून प्रयोगांचे प्रस्तावही मागवावयाचे. त्यांतही रागदारीबरोबर लोकप्रिय संगीताच्या प्रस्तावांचा विचार होईल, असे आवर्जून कळवावयाचे. हे ऐकून आपल्यातील कित्येक जाणत्यांच्या कपाळाला आठी पडते. जेथे श्रुती, मूर्च्छना आणि मेल यांचा खल व्हावयाचा तेथे लावणी, चित्रपटातले गाणे किंवा एकादशीच्या मंडळीचे भजन कशासाठी, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर मात्र आपण समजतो तितके नवे नाही. चारशे साठ वर्षांपूर्वी तापीच्या काठी, बुऱ्हाणपुरात, एका कानडी ब्राह्मणाने ते आपल्या परीने देऊन ठेवले आहे.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. २००३ सालापासून तो स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु रावेर-सावद्याकडून जाणाऱ्या मराठी माणसाला तेथे परके वाटत नाही. खानदेश आणि निमाड यांच्या शिवेवरचे हे गाव. पंधराव्या शतकाच्या आरंभी नासिरखान फारुकीने ते वसविले आणि खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. उत्तरेस थोड्या अंतरावर असीरगड. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणारी प्रत्येक फौज, प्रत्येक कारवान आणि प्रत्येक गवई ह्या गडाच्या सावलीतून जावयाचा. अकबराने १६०१ साली असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. पुढे मोगलांची दख्खनची राजधानी येथेच होती. मुमताजमहल १६३१ साली येथेच वारली. १७६० मध्ये, उदगीरच्या लढाईनंतर, हे शहर पेशव्यांकडे आले. मराठ्यांच्या इतिहासात बुऱ्हाणपूर येते ते बहुधा लुटीच्या, तहाच्या आणि खंडणीच्या संदर्भात. गाण्याच्या संदर्भात ते येत नाही, ही आपल्या इतिहासलेखनाची उणीव म्हटली पाहिजे.

कारण फारुकींच्या दरबारी, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर, पुंडरीक विठ्ठल नावाचा पंडित येऊन राहिला. त्याचे मूळ गाव कर्नाटकातील शिवगंगेजवळचे सातनूर, गोत्र जामदग्न्य. बुऱ्हाणखान फारुकीच्या आश्रयाने त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला. मुसलमान राजाच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथ, याचे आश्चर्य वाटणाऱ्यांनी बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत जाऊन यावे. त्याच घराण्यातील आदिलशाह फारुकीने बांधविलेल्या ह्या मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात शके १५११ आणि संवत् १६४६ असा आपल्या पंचांगाचा काल दिला असून राजाची वंशावळ सांगितली आहे. ज्या घराण्याला मशिदीच्या भिंतीवर नागरी अक्षरे खटकली नाहीत, त्याला दरबारात संस्कृत संगीतशास्त्र खटकण्याचे कारण नव्हते.

पुंडरीकापुढे जी अडचण होती ती आजच्या परिषदेपुढील अडचणीची सख्खी बहीण आहे. ग्रंथांत जे लिहिले होते ते कोणी गात नव्हते, आणि जे गायले जात होते ते ग्रंथांत नव्हते. आपल्या शास्त्रात ग्रंथातील लक्षणाला ‘लक्षण’ आणि प्रत्यक्ष चालू असलेल्या गाण्याला ‘लक्ष्य’ म्हणतात. ही दोन एकमेकांपासून इतकी दूर गेली होती की पंडिताने लक्षण सांगावे आणि गवयाने हसावे, अशी स्थिती. बुऱ्हाणपुरासारख्या नाक्यावर ती अधिकच जाणवली असेल. दक्षिणेकडून आलेल्या पंडिताच्या कानी उत्तरेकडील गवयांचे गाणे पडत होते. इराण-तुराणाकडून आलेल्या लोकांचे सूरही पडत होते. अशा वेळी पंडिताला दोन मार्ग मोकळे असतात. एक, चालू गाणे भ्रष्ट ठरवून ग्रंथाची पाने उलटीत बसणे. दुसरा, चालू गाण्यालाच साक्षीसाठी बोलावणे. पुंडरीकाने दुसरा मार्ग धरला.

त्याने काय केले ते थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. शुद्ध स्वरांचा मेल म्हणून त्याने दक्षिणेतील ‘मुखारी’ घेतला. म्हणजे पाया आपल्या मुलखाचा. वीणेवर पडदे कोठे बसवावयाचे हे सांगून त्याने स्वरांच्या जागा डोळ्यांना दिसतील अशा करून ठेवल्या. विजयनगरच्या रामामात्याने १५५० साली हीच वाट चोखाळली होती. मग एकोणीस मेल सांगितले, आणि त्यांत कल्याण, केदार, सारंग, तोडी, हमीर ही उत्तरेकडील मंडळी आली. त्यांच्याच पंक्तीत एक ‘हिजेज’ही बसला. हा शब्द संस्कृत नव्हे. अरबस्तानातील हिजाज प्रांताचे नाव धारण करणारा हा परदेशी सूर. मांडणी दक्षिणेची, गाणे उत्तरेचे, एक पाहुणा पश्चिमेचा, आणि भाषा देववाणी! एवढे सगळे एका ग्रंथात बसविण्यासाठी बुऱ्हाणपुरासारखेच गाव हवे होते.

बुऱ्हाणपुराहून तो पुढे उत्तरेत गेला. १५७६ सालच्या ‘रागमाले’त त्याने उत्तरेची राग-भार्या-पुत्र ही कुटुंबव्यवस्था स्वीकारली. आमेरच्या कछवाह्यांच्या, माधवसिंहाच्या आश्रयाने लिहिलेल्या ‘रागमंजरी’त तर त्याने फारसी रागांची एक यादीच दिली आणि प्रत्येकाशेजारी त्याच्या जवळचा देशी राग मांडला. कल्याणाशेजारी इमन, बिलावलाशेजारी सरपरदा, आसावरीशेजारी हिजेज. आज आपल्या घरातील मुलगी गाणे शिकू लागते ती यमनापासून, आणि सरपरदा बिलावल अजूनही मैफलीत ऐकू येतो. त्या काळच्या कोणा कर्मठाने ‘हे यवनांचे लोकप्रिय गाणे शास्त्रात कशाला’ असे म्हणून ती ओळ खोडून टाकली असती, तर यमनाचा एक जुना दाखला आपण गमावला असता. अकबराच्या प्रसन्नतेसाठी लिहिलेल्या ‘नर्तननिर्णया’त त्याने शास्त्रबद्ध नृत्तांबरोबर रास, दंडरास आणि ‘जक्कडी’ ह्या पारसीक नाचाचेही वर्णन केले आहे. राजवाड्यात पाहिलेला परक्यांचा नाच संस्कृत श्लोकात बांधताना त्याची लेखणी अडखळली नाही.

जक्कडीवरून एक आठवण होते. पुंडरीकाच्या आधी सुमारे अर्धशतक बुऱ्हाणपुरात शेख बहाउद्दीन नावाचे सूफी संत होऊन गेले. १५०६ साली ते वारले आणि त्यांची कबर तेथेच आहे. वाद्यांची व गाण्याची त्यांना इतकी गोडी की ‘बाजन’ हेच त्यांचे कविनाम झाले. लोकांच्या बोलीत त्यांनी रचलेली भक्तिपर गीते ‘जिकरी’ म्हणून प्रसिद्ध होती आणि ती रागांत गायली जात. जिकरी आणि जक्कडी ह्या शब्दांत केवळ ध्वनीचे साम्य आहे की आणखी काही, हे भाषाशास्त्रज्ञांनी पाहावे. आपल्यापुरते एवढे पुरे की पंडित त्या शहरात आला तेव्हा तेथील जनतेच्या कंठात आधीपासून गाणे होते आणि ते दरबाराची परवानगी घेऊन आलेले नव्हते.

शहराबाहेर निमाडच्या रानात तर त्याहून मोठी गोष्ट घडत होती. पुंडरीकाच्याच शतकात सिंगाजी नावाचे संत तेथे होऊन गेले. जातीने गवळी, काही काळ भामगढच्या जहागीरदाराची डाक पोहोचविण्याची चाकरी, मग मनरंगीर गुरूंचा उपदेश झाला आणि चाकरी सुटली. त्यांची निर्गुणी पदे निमाडात आजही मृदंग, झांज आणि एकताऱ्याच्या साथीवर रात्ररात्र गायली जातात. पिपल्या येथील त्यांच्या समाधीला आता इंदिरासागर धरणाच्या पाण्याने चहूंकडून वेढले आहे. तरी शरद पौर्णिमेच्या यात्रेला गुराखी आणि शेतकरी तुपाचा नैवेद्य घेऊन जातात. आपल्या वारकरी भजनाचा परिचय असलेल्या माणसाला हे गाणे ऐकून काही तरी ओळखीचे भेटल्यासारखे वाटते. शास्त्रकाराच्या ग्रंथात सिंगाजींना जागा मिळाली नाही. गवळ्याचे पद मेलांच्या कोष्टकात बसणार तरी कसे? पण पुंडरीकाचा ग्रंथ पोथ्यांत बंद पडून राहिला त्या शतकांत सिंगाजींची पदे एक दिवसही थांबली नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की पुंडरीकाने दरबारी परके घेतले, गावचे घेतले नाहीत. मग त्याचा दाखला लोकप्रिय संगीताच्या बाजूने कसा द्यावयाचा? आक्षेप रास्त आहे. परंतु ह्या बाबतीत पुंडरीक एकटा नव्हता, आणि त्याच्या पूर्वसूरींनी गावचेही घेतले होते. शास्त्रात मार्ग आणि देशी असे संगीताचे दोन भेद आहेत. मतंगाने आपल्या ग्रंथाचे नावच ‘बृहद्देशी’ ठेवले आणि बायामुले, गुराखी व राजे आपापल्या मुलखात आवडीने जे गातात ते देशी, असा त्याचा अर्थ सांगितला. राजाला गुराख्याच्या रांगेत बसविणारी ही व्याख्या आपल्या शास्त्राने हजार-बाराशे वर्षे उराशी बाळगली आहे. चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. बुऱ्हाणपुराहून अजिंठ्याचा घाट चढून दक्षिणेस गेले की देवगिरी लागते. तेथे यादव सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि प्रबंधाध्यायात ओवी, धवल आणि लोली ह्यांना स्थान दिले. धवल म्हणजे आपले लग्नातले धवळे. महदाईसेने त्याच शतकात ते मराठीत अजरामर केले. उखळाशी आणि मांडवाखाली जन्मलेली ही गाणी हिंदुस्थानातील सर्वांत मान्य संगीतग्रंथात बसली आहेत. त्यांना निमंत्रण कोणी दिले होते? ज्याला संगीताचे पूर्ण शास्त्र लिहावयाचे होते त्या शास्त्रकाराने.

मग निमंत्रणाची यादी आखूड केव्हा झाली? याचे उत्तर आधुनिक परिषदांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास बऱ्याच अंशी मराठी माणसांनी घडविला आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे १८६० साली गोकुळाष्टमीला मुंबईत वाळकेश्वरी जन्मले. देवळाच्या सान्निध्यात वाढलेल्या ह्या वकिलाने हिंदुस्थानभर फिरून पोथ्या धुंडाळल्या, उस्तादांच्या दारी बसून चिजा जमविल्या आणि पुंडरीक विठ्ठलाचे ग्रंथ पुन्हा उजेडात आणले. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीतपरिषद भरली. तेथे भातखंड्यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाचे जे सिंहावलोकन केले त्यात पुंडरीकाचे नाव सन्मानाने आले. बुऱ्हाणपूरचा पंडित असा साडेतीनशे वर्षांनी सभेत हजर झाला.

त्या परिषदेतील एक प्रसंग आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले होते. देवलांनी आपली मापे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावर घेतली होती. त्या गणिताप्रमाणे श्रुतींची पेटीही बनविली गेली. बडोद्यास ती पेटी विद्वानांपुढे आली तेव्हा निर्णय कागदावर झाला नाही. मोठमोठे गवई तेथे हजर होते. त्यांच्या गाण्यापुढे ती पेटी ताडून पाहण्यात आली आणि ती कसोटीस उतरली नाही. गवयाचा गळा हाच तेथे पुरावा ठरला. प्रयोगाचे निमंत्रण संध्याकाळच्या करमणुकीसाठी देणे वेगळे आणि वादाचा निकाल लावण्यासाठी देणे वेगळे. बडोद्याची परिषद दुसऱ्या प्रकारची होती, यातच तिचे मोठेपण आहे.

पण साक्षीला बोलावले गेले ते मुख्यत्वेकरून संस्थानिकांच्या पदरचे गवई व बीनकार. दिल्ली १९१८, काशी १९१९, लखनौ १९२४ आणि १९२५ ह्या पुढील परिषदांतही रागांचे स्वरूप निश्चित करणे, एक स्वरलेखनपद्धती रूढ करणे आणि विद्यालय काढणे हेच हेतू होते. ते बरेचसे सिद्धीसही गेले. लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ साली निघाले ते ह्याच खटपटीतून. भातखंड्यांना दोष देण्याचे कारण नाही. अस्ताव्यस्त घर आवरणारा माणूस प्रथम देवघर आवरतो. तथापि हेही नमूद केले पाहिजे की ज्या १९१६ साली बडोद्यास रागांची शहानिशा चालली होती, त्याच साली गंधर्व नाटक मंडळीने भास्करबुवा बखल्यांच्या चालींचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. भीमपलास आणि यमन ज्यांनी जन्मात कधी बैठकीत ऐकला नसता अशा हजारो लोकांनी तो पिटातल्या बाकावर बसून ऐकला आणि घरी जाताना गुणगुणला. महाराष्ट्रात राग रुजला तो परिषदेच्या ठरावाने की नाटकाच्या पदाने, ह्याचा निर्णय मी वाचकांवर सोडतो. माझा कौल कोणीकडे आहे ते उघड आहे.

ह्या आखूड यादीचा सर्वांत मोठा घाव बसला तो देवळाशी बांधलेल्या गाण्यावर, आणि म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे. गोमंतकातील देवस्थानांच्या उत्सवांत पिढ्यान् पिढ्या कलावंतिणींनी गायनसेवा केली. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर दोघींनीही अल्लादियाखाँसाहेबांकडे अपार कष्टाने विद्या मिळविली. दोघींचाही पुढे संगीत नाटक अकादमीने आणि भारत सरकारने गौरव केला. त्यांच्या रागगायनाला सभागृहाचे दार उघडले, हे उचितच झाले. पण त्यांच्या गावाकडच्या आज्या-पणज्या पालखीपुढे जे गात होत्या, ते गाणे दाराबाहेर राहिले. समाजसुधारणेच्या ओघात देवळातील ती प्रथा संपली. संपावयासच हवी होती, कारण तिच्यात बायकांची विटंबना होती. प्रथा गेली तिच्याबरोबर चिजाही गेल्या. त्या लिहून घेण्यासाठी परिषदेतील कोणी विद्वान तेथे वेळेवर पोहोचला असता तर दोन्ही साधले असते. विटंबनाही थांबली असती आणि गाणेही राहिले असते.

मद्रासमध्ये थोडे निराळे घडले. तेथील म्युझिक अकादमी १९२७ च्या संगीतपरिषदेतून जन्मली. तिच्या वार्षिक अधिवेशनात सकाळी तज्ज्ञांची चर्चा आणि संध्याकाळी कचेरी असा क्रम पडला. १९३१ साली, देवदासींच्या नाचाविरुद्ध वातावरण तापलेले असताना, अकादमीने तंजावरच्या कल्याणीच्या मुलींचा नाच आपल्या मंचावर ठेवला. आज भरतनाट्यम् म्हणून जगभर ज्याचा आदर होतो त्याच्या वाटेवर ह्या निमंत्रणाचा एक दगड आहे. देवदासी घरांतील बायकांना मात्र त्या आदराचा वाटा फारसा मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी.

बुऱ्हाणपूरलाही अशी एक हरवलेली गायिका आहे. तापीच्या पलीकडच्या तीरावर झैनाबाद. सतराव्या शतकाच्या मध्याला औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना तेथील आहूखान्याच्या बागेत हिराबाई नावाच्या गाणारणीवर त्याचे मन बसले. इतिहासात ती ‘झैनाबादी’ म्हणून ओळखली जाते. बखरकारांनी राजपुत्राची घालमेल चवीने सांगितली आहे. ती काय गात होती, कोणाकडे शिकली, कोणता राग तिला प्रिय होता, ह्याविषयी ते गप्प आहेत. गाणारीचे नाव राजपुत्रामुळे टिकले आणि गाणे मात्र टिकले नाही.

स्वातंत्र्यानंतर निमंत्रणाचा अधिकार राजांकडून सरकारकडे आला. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे गृहस्थ १९५२ ते १९६२ ह्या काळात केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांनी रागसंगीतासाठी पुष्कळ केले; १९५४ पासून आकाशवाणीचे संगीतसंमेलन सुरू झाले आणि घराघरांत उस्तादांचे सूर पोहोचले. चित्रपटगीतांना मात्र १९५२ मध्ये नभोवाणीची दारे बंद झाली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला, आणि १९५७ साली सरकारला स्वतःच विविधभारती काढावी लागली. पेटीची हकीकतही तशीच. १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडले. एवढ्या वर्षांत आपल्या एका तरी देवळातील भजन पेटीवाचून अडले काय? आणि गंमत पाहा: त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर १९५५-५६ मध्ये वर्षभर ‘गीतरामायण’ झाले. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दोघेही चित्रपटसृष्टीत नावाजलेले. रेडिओपुढे हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकत. लोकप्रिय संगीत म्हणजे उथळ संगीत असे समीकरण मांडणाऱ्यांनी त्या छप्पन्न गीतांचे काय करावयाचे ते सांगावे.

पाश्चात्त्य विद्यापीठांचीही कथा फारशी निराळी नाही. लोकप्रिय संगीताच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था तेथे निघाली ती १९८१ साली. आपल्याकडे डॉ. अशोक रानडे (१९३७–२०११) यांनी भारतीय संगीताच्या कोटी सांगताना आदिम, लोक, भक्ती आणि कला ह्यांच्या पंक्तीला जनसंगीत मांडले, आणि प्रत्येकाला स्वतःचे नियम असतात हे दाखविले. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजू नये, हा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. त्यांनी बैठकीची लावणी सभागृहात आणली तेव्हा विवेचन आणि गाणे यांची फारकत केली नाही. बोलणे गाण्याला वाट करून देत होते आणि गाणे बोलण्याला आधार पुरवीत होते. लोकप्रिय संगीताच्या प्रयोगाला परिषदेत कसे बसवावे, याचा नमुना पाहिजे असेल तर तो मराठीत आहे.

तेव्हा बुऱ्हाणपुरात अशी परिषद भरली असे क्षणभर धरून चालू. निमंत्रण कोणाकोणाला जाईल? मेलपद्धतीवर निबंध वाचणाऱ्या पंडिताला जाईल, ते ठीकच. सिंगाजींची पदे म्हणणारी निमाडातील मंडळी आली पाहिजे. नागझिरीच्या निर्णय मंदिरातील कबीरपंथी बीजकाची शब्दे घेऊन आले पाहिजेत. गुरुगोविंदसिंगांचे पाय १७०८ साली ह्या शहराला लागले. तेथील संगतीचे कीर्तन ऐकले पाहिजे, आणि शेख बाजनांच्या जिकरीचा काही अंश कोणा कव्वालाच्या कंठात उरला आहे काय, हेही विचारले पाहिजे. गौरीच्या प्रीत्यर्थ काठी नाचणारे निमाडी लोक आहेत. आणि कलगी-तुरेवाले आहेत. हा शेवटचा प्रकार तर निमाड आणि महाराष्ट्र यांच्यामधला जिता पूल होय. कलगीवाले शक्तीला थोर म्हणतात, तुरेवाले शिवाला. सवाल एका फडाने टाकावयाचा आणि जबाब दुसऱ्याने पद्यातच द्यावयाचा. आपल्याकडे तो डफ-तुणतुण्यावर चालतो, तिकडे चंगावर. पुरुष-प्रकृतीचा वाद संस्कृतात झाला की त्याला दर्शन म्हणावयाचे आणि चंगावर झाला की तमाशा म्हणावयाचे, हा भेद कोणत्या शास्त्रात सांगितला आहे?

ह्यात एक व्यावहारिक अडचण आहे आणि ती लहान समजू नये. परिषदेची आवाहने बहुधा इंग्रजीत निघतात. प्रस्तावाचा गोषवारा अमुक शब्दांत द्या, कलाकाराचा परिचय द्या, मुदतीच्या आत पाठवा. भजनी मंडळीचा बुवा हे भरून पाठविणार नाही. तो न पाठविण्याचे कारण विद्येचा अभाव नसून, त्याच्या विद्येला ती रकान्यांची भाषा अपरिचित आहे, एवढेच. मग त्याच्या वतीने कोणी तरी शहरातला अभ्यासक लिहितो. प्रस्तावावर नाव अभ्यासकाचे पडते आणि बुवा ‘साथीस’ होतो. निमंत्रण देणाऱ्यांनी माणूस पाठवून गावच्या भाषेत बोलणे करावे, मंडळीचे नाव मंडळीच्याच नावाने छापावे आणि बिदागी निबंधवाचकाच्या प्रवासखर्चाहून कमी ठेवू नये. भातखंडे उस्तादांच्या दारी स्वतः जाऊन बसत. उस्तादांनी अर्ज करावा अशी अपेक्षा त्यांनी धरली नव्हती.

दुसरी अडचण वेळेची. निबंधाला वीस मिनिटे, म्हणून प्रयोगालाही वीस मिनिटे, असा हिशेब कार्यक्रमपत्रिकेत सोयीचा दिसतो. सिंगाजींच्या मंडळीला मृदंग लावावयास आणि गुरुवंदनाचे पहिले पद बसावयासच तेवढा वेळ लागतो. कलगी-तुऱ्याचा फड तर रात्री उशिरा रंगात येतो. गणेशाला आणि शारदेला नमन झाल्याखेरीज सवाल टाकता येत नाही, आणि जबाब मिळाल्याखेरीज फड उठत नाही. परिषदेच्या चिटणिसाने घंटा हातात घेण्यापूर्वी हे एकदा फडाच्या म्होरक्याला विचारून घ्यावे. त्या रात्रीपुरती सकाळची बैठक दोन तास उशिरा ठेवली तरी चालेल.